दोनदा मागवलेली यादी

भिंगकाका रोज सकाळी चहाच्या आधी यादी मागवायचे. अंथरुणातून उठायचं, भिंतीला हात लावत खुर्चीपर्यंत यायचं, कॉम्प्युटर चालू करायचा आणि बसायचं. चहा थांबेल, यादी थांबायची नाही, असा त्यांचा खाक्या. गल्लीत ज्यांचे चष्मे त्यांनी जन्मभर केले, त्यांना हे कळलं असतं तर त्यांची हसून हसून मुरकुंडी वळली असती. कारण दुकानात कॉम्प्युटर आणायचा नुसता विषय निघाला, तरी हाच माणूस अंगावर धावून यायचा.

मागच्या खोलीत भिंगं घासायचं यंत्र, पुढे डोळे तपासायची खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, असं त्यांचं दुकान होतं. हात इतका चांगला की गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं नाही, आणि तोंड इतकं फटकळ की गेलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती. अशा माणसाच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध म्हातारपणी डाग पडला. कुठल्याही भिंगाला दाद न देणारा. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं व्हायचं आणि आजूबाजूचं तेवढं उरायचं. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा जायचा आणि कान दिसायचे. नशिबाने केलेली ही थट्टा त्यांना पुरती कळत होती, आणि तिच्यावर ते दुसऱ्या कोणाला एक शब्द बोलू देत नव्हते.

त्यांची एकुलती एक लेक प्रोग्रामर होती, दुसऱ्या गावात. वडिलांना कॉम्प्युटर शिकवण्याचं धाडस तिने केलं, म्हणून ते तिला मास्तरीणबाई म्हणायचे. तिने त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. काळ्या पडद्यावर पिवळी, वीतभर अक्षरं. पेपर असो, मेसेज असो, पडद्यावर जे काही असेल ते त्यातून मोठं होऊन यायचं. एवढ्या मोठ्या जगात हा प्रोग्राम वापरणारा माणूस एकच. ती तो आपल्या घरातल्या एका जुन्या मशीनवर ठेवायची आणि काकांचा कॉम्प्युटर तो तिथून घ्यायचा. बाबांना अक्षर अंधुक झालं की ती सुधारून नवी आवृत्ती ठेवायची.

आधी हे सगळं आपोआप व्हायचं. पण एकदा काका पेपर वाचत असताना मध्येच अक्षरांचं रूप बदललं आणि त्यांनी फोनवर आकाशपाताळ एक केलं.

"माझ्या मशीनला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही! तू कोण गं लागून गेलीस?"

"बरं बाबा," ती म्हणाली. "मग यापुढे तुम्हीच करायचं. दोन कमांड आहेत. पहिलीने यादी मागवायची, म्हणजे कुठे काय नवीन आलंय ते कळतं. दुसरीने ते नवीन घरात घ्यायचं."

"एकीत होत नाही?"

"दुकानात काय आलंय ते फोन करून विचारलं म्हणजे पिशवी भरली का?"

"पाल्हाळ नको. कुठली बटणं दाबू ते सांग."

तिने हात टेकले आणि बटणं सांगितली. कमांड लिहायची गरजच नव्हती. वरचा बाण दाबला की आधी लिहिलेली कमांड पुन्हा समोर येते. दोनदा बाण, एंटर, पासवर्ड, ही झाली यादी. पुन्हा दोनदा बाण, एंटर, हे झालं सामान. यादीच्या मागे सामान आणि सामानाच्या मागे यादी, अशा त्या दोघी आळीपाळीने येत राहायच्या. बघायला नको, वाचायला नको, बोटांनी मोजलं की काम फत्ते. मास्तरीणबाईंनी अक्कल लढवली खरी, असं काकांनी कबूल केलं. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे सोन्याचं पदकच होतं.

एंटर दाबलं की पडद्यावर ओळी पळायला लागायच्या. लेकीने त्या मराठीत करून दिल्या होत्या, पण काकांना तो पांढरा पट्टा वर सरकताना दिसायचा, एवढंच. मशीनचं बाकीचं सामान जिथून जिथून यायचं त्या ठिकाणांच्या ओळी भराभर पळायच्या आणि एके ठिकाणी पट्टा अडखळायचा. ते लेकीचं मशीन. जुनं होतं, उत्तर द्यायला वेळ घ्यायचं. "पोचलो बघ तुझ्या दारात," असं काका मनाशी म्हणायचे आणि मगच चहा टाकायला उठायचे.

मग एक दिवस जावयाचा फोन आला. लेकीचे रिपोर्ट आले होते आणि ते चांगले नव्हते. जावई हळू आवाजात, एकेक वाक्य तोलून बोलत होता, त्यावरूनच काकांना काय ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीने कॉम्प्युटरपुढे बसले, पण बोटं थाऱ्यावर नव्हती. यादी आली. सामानाच्या वेळी बाण दोनदा दाबायचा, तो एकदाच दाबला गेला, आणि यादीच पुन्हा आली. त्यांना याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. या बाणाची रीत मोठी वाईट आहे. एकदा यादीच्या मागे यादी लागली, की मग रोज दोनदा दाबून रोज यादीच समोर येते, आणि सामानाची कमांड दिवसेंदिवस खाली गाडली जाते. त्या सकाळपासून भिंगकाका शिस्तीत, एक दिवस न चुकता, दोन्ही वेळा यादीच मागवत राहिले. काय नवीन आलंय ते त्यांच्या मशीनने रोज विचारलं, रोज ऐकून घेतलं, आणि आत काहीच घेतलं नाही.

आजारपणात जावई त्यांना एकदा येऊन घेऊन गेला. काका लेकीच्या खाटेशी बसले. तिच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा त्या डागात गेला. डोक्याला बांधलेला रुमाल दिसला, उशीची कड दिसली, चादरीवरचा हात दिसला. ती हसते आहे की रडते आहे ते कळेना. त्यांनी हात धरला आणि म्हणाले, "चेहऱ्यावर तेज आहे हो मास्तरीणबाई." परत येताना गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि जावयाने विचारलं तेव्हा डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगितलं.

एव्हाना त्यांचं वाचन संपलं होतं. वीतभर अक्षरंही डागात बुडायला लागली होती. सवयीने चालू ठेवलेला छापील पेपर बंद केला नाही, तो दारात पडायचा, ते उचलून घडी न मोडता ठेवून द्यायचे. लेकीचे मेसेज यायचे. त्यांना उत्तरं देणं जमेना, मग "लिहीत काय बसायचं, बोल की" म्हणून ते फोनच करायचे. फोनवर ती विचारायची, "बाबा, वाचता येतंय ना?"

"न यायला काय झालं?"

आता हा तोच माणूस, ज्याने जन्मभर लोकांचे डोळे तपासले. तक्त्याची खालची ओळ दिसत नसताना 'दिसते' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी खुर्चीवरून उठवलेलं आहे. "मला खूश करायला आलाय का?" असं खेकसलेलं आहे. पण त्या गिऱ्हाइकाच्या पोटची पोर पलीकडे अंथरुणाला खिळलेली नव्हती. काकांना वाटलं, ती आधीच एवढं सोसते आहे, त्यात माझ्या डोळ्यांची भर कशाला? आणि त्यांनी थाप मारली. मग रोज मारत राहिले.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज थकलेला, पण आत काहीतरी उसळत होतं.

"बाबा, नवीन ठेवलंय. दोन्ही कमांड दिल्यात ना?"

"रोज देतो."

"मग गोल दिसला? त्याच्याकडेच बघायचं, शब्दाकडे नाही. शब्द बाजूला येतो. दिसतो?"

कसला गोल, काकांना काही उमगेना. औषधांच्या गुंगीत काही बोलत असेल, असं त्यांना वाटलं. तिला उलट विचारून गोंधळात कशाला पाडायचं?

"दिसतो की," ते म्हणाले. "झकास दिसतो."

"खरंच? शब्द डाव्या बाजूला बरा आहे ना? का बदलू?"

"अजिबात हात लावू नकोस. उत्तम आहे. तू आता पडून राहा बघू."

ती हसली. खूप वेळ हसत होती, मध्येच खोकला आला तरी हसत होती. काकांनी फोन ठेवला आणि आपण पोरीला हसवलं या समाधानात ते जेवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

यादी मागवणं त्यांनी सोडलं नाही. उलट आता त्याच्यासाठीच उठायचे. ओळी पळायच्या, तिच्या दाराशी थांबायच्या, आतून कोणीतरी उत्तर द्यायचं आणि पुढे जायच्या. उत्तर मशीन देतं हे न कळण्याइतके काका भोळे नव्हते. पण घरात फोटोकडे बघून काही उपयोग नव्हता, चेहरा तिथेही दिसायचा नाही. त्यांना तिचं म्हणून जे दिसायचं ते हे थांबणं.

वर्ष सरत आलं तेव्हा जावई भेटायला आला. हाही प्रोग्रामरच, पण बायकोच्या हाताखाली शिकलेला, असं तो स्वतःच सांगायचा. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलून झालं, आणि तो कपाशी चाळा करत राहिला.

"बोला जावईबापू," काका म्हणाले. "मूग गिळून बसायला आला नाहीत तुम्ही."

"बाबा, मी ते घर सोडतोय. लहान जागा बघितली आहे. तिथे एकट्याला... म्हणजे, त्या घरात आता राहवत नाही."

"बरं केलंत."

"तिचं मशीन बंद करावं लागेल. तसंही ते मरायलाच टेकलंय, दर आठवड्याला काहीतरी बिघडतं. म्हणून म्हटलं, जाण्याआधी तुमच्या मशीनमधली तिची ओळ काढून टाकतो. नाहीतर रोज सकाळी तुम्हाला तक्रार दाखवेल."

काकांच्या हातातला कप खाली आला. नको म्हणावंसं वाटलं, पण कशाच्या जोरावर म्हणणार? पोरगा तरुण आहे, त्याला त्याचं आयुष्य आहे. बायकोचं मशीन सासऱ्याच्या सकाळसाठी त्याने कुठवर सांभाळायचं?

"शेवटचं एकदा मागवतो," ते म्हणाले. "मग काढा."

ते खुर्चीत बसले. दोनदा बाण, एंटर, पासवर्ड. ओळी पळाल्या, थांबल्या, पुढे गेल्या. पुन्हा दोनदा बाण, एंटर. ओळी पळाल्या, थांबल्या, पुढे गेल्या. जावई मागे उभा राहून बघत होता.

"बाबा, यादी दोनदा का मागवलीत?"

"दोनदा कुठे? एकदा यादी, एकदा सामान. तुमच्या बायकोनेच शिकवलंय."

जावयाने वाकून वरचा बाण दाबला. यादी. पुन्हा दाबला. यादी. तो दाबत राहिला, टक टक टक टक, आणि दर वेळी तीच कमांड समोर येत राहिली. मग त्याने पडद्यावरची शेवटची ओळ वाचली.

"बाबा, इथे लिहिलंय की नवीन सामान आलंय. घ्यायचं राहिलंय." त्याचा आवाज बदलला. "तिचंच आहे. तिने शेवटी ठेवलेलं. तुम्ही ते घेतलेलंच नाही."

"म्हणजे?"

"गोल असलेलं. ती उठून बसू शकत नव्हती, उशीवर कीबोर्ड ठेवून लिहायची. तुम्ही मेसेजला उत्तरं द्यायचं बंद केलंत तेव्हाच तिला कळलं होतं, तुम्हाला वाचता येत नाही ते. मधला डाग चुकवून वाचायचं कसं, ते डॉक्टरांना विचारून विचारून केलं तिने."

भिंगकाकांना तिचा तो फोन आठवला. गुंगी नव्हती तर. गोल होता. त्याच्याविषयी ती विचारत होती, आणि तो इथेच दारात पडून होता, आणि मशीन रोज सकाळी तसं लिहून दाखवत होतं. त्यांना ते वाचता येत नव्हतं, एवढंच.

"तुम्ही झकास म्हणालात ना," जावई म्हणाला, "त्या रात्री ती किती तरी दिवसांनी पोटभर जेवली."

काकांना वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

"घेऊ का आत?" जावयाने विचारलं.

"विचारताय काय, घ्या."

जावयाने दुसरी कमांड लिहिली. जरा वेळ गेला. मग पडदा काळा झाला आणि त्याच्यावर मोठा, जाड, पिवळा गोल उमटला. एवढा मोठा की काकांच्या डागाच्या चहूबाजूंनी तो उरला. नजर त्याच्या मधोमध जाऊन बसली आणि पहिल्यांदाच भिरभिरायची थांबली.

"आता डावीकडे शब्द येतील, एकेक करून," जावई म्हणाला. तो खुर्चीच्या पाठीला धरून पुढे झुकला होता. "दिसतंय, बाबा?"

डावीकडे राखाडी धुकं होतं. त्यात काहीतरी येत होतं, जात होतं. 'झकास' हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला. पोराने एवढ्या आशेने विचारलं होतं. बिचाऱ्याच्या बायकोचं हे शेवटचं काम. म्हणून टाकावं आणि मोकळं व्हावं.

"नाही," काका म्हणाले. "नाही दिसत."

"काहीच नाही?"

"डावीकडे दिसायचं ते पहिल्या पहिल्यांदा. तेव्हा तिला तसं सांगितलं होतं. ते केव्हाच गेलं. आता आहे ते उजवीकडे, थोडंसं. ते नाही सांगितलं. ती विचारत होती हो. बदलू का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, हात लावू नकोस."

आणि ते रडले. लेक गेली तेव्हा चारचौघांत न रडलेला हा माणूस तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखा मोठ्याने रडला. जावई खुर्चीशेजारी खालीच बसला. गोल पडद्यावर तसाच होता आणि त्याच्या डावीकडे शब्द येत होते आणि जात होते.

बऱ्याच वेळाने जावई उठला, स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि तिचा प्रोग्राम बाहेर काढला.

"बाजू बदलणं अवघड नाही," तो नाक पुसत म्हणाला. "तिने जागा सोडून ठेवली आहे त्याच्यासाठी. पण मला खरं सांगायचं."

"सांगतो."

"आता?"

"नाही."

"लांब सरकवतो. आता?"

"नाही. काळं काहीतरी हलतंय."

"मोठं करतो. आता?"

"नाही."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. जावई विचारत होता आणि काका नाही म्हणत होते. प्रत्येक नाही त्यांना आतून सोलून काढत होतं, कारण यातला प्रत्येक त्यांना तिला देता आला असता. दहा मिनिटांचं काम होतं. फोनवर झालं असतं. ती झोपून विचारत गेली असती, ते नाही नाही म्हणत गेले असते, आणि मध्ये एकदा तरी नक्की भांडण झालं असतं.

"जरा वर घेतलाय. आता?"

काकांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"पाणीपुरवठा," ते म्हणाले.

जावयाने चाचणीसाठी त्या दिवशीची बातमी लावली होती. "पुढे?"

"उद्या. दुपारी. बंद. राहील." काकांनी श्वास घेतला. "दिसतंय."

हा शब्द त्यांनी तिला रोज ऐकवला होता. तो आज खरा झाला, आणि ऐकायला तिचा नवरा तेवढा होता. जावयाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आनंद झाला असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही.

बदललेली आवृत्ती जावयाने रीतसर तिच्याच मशीनवर ठेवली. काकांनी यादी मागवली आणि मग दुसरी कमांडही स्वतः दिली. या वेळी बटणं मोजून नाही, वाचून. निघताना जावयाने तिच्या ओळीचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या. तक्रार दाखवू दे की. मला आता वाचता येतं."

पुढच्या आठवड्यात जावयाने घर सोडलं आणि मशीन बंद केलं. फोन करून तसं सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी काका उठले आणि चहाच्या आधी यादी मागवायला बसले. बाकीच्या ओळी पळाल्या. तिच्या ओळीपाशी पट्टा थांबला. थांबूनच राहिला. काकांनी खुर्ची घट्ट धरली. मग खाली नवीन काहीतरी उमटलं. त्यांनी गोल लावला, त्याच्या मधोमध नजर ठेवली आणि उजवीकडे येणारा एकेक शब्द मोठ्याने वाचला.

"या. ठिकाणाहून. उत्तर. आलं. नाही. आधीची. यादी. वापरली. आहे."

मग त्यांनी दोनदा बाण दाबला, कमांड बरोबर आहे ना ते बघितलं आणि एंटर केलं. घेण्यासारखं नवीन काही नव्हतं. तेही त्यांनी स्वतःच वाचलं.